प्रकरण सतरा : एकदाच देता येणारी चाचणी

फॉर्म सकाळी नऊपासून जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि साडेअकरा वाजले तरी त्यावर सही झाली नव्हती. पालकाची एक सही, एवढंच काय ते बाकी होतं. उरलेलं सगळं मुंगीने स्वतः भरलं होतं, ठसठशीत अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा थोरल्या काकाच्या दोन तळहातांत मावली होती, म्हणून त्यानेच ठेवलेलं. आता ती एकोणीस वर्षांची होती, उंचीने बापाच्या कानाला लागली होती, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकत होती; तरी नाव काही सुटलं नव्हतं. फॉर्मवर शिक्का होता हवाई दलाच्या निवड मंडळाचा. वैमानिकांच्या निवडीसाठी तीन आठवड्यांनी चाचणीला हजर राहावे, असं खाली छापलेलं होतं.

थोरला खिडकीशी बसून चष्म्याआडून सगळ्यांचे चेहरे बघत होता. तो बंदरावर क्रेन चालवायचा. चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये आठ तास एकट्याने काढायची सवय असल्यामुळे चार माणसांत तो बोलण्यापेक्षा बघायचाच जास्त. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरातली मागची खोली त्याची, आणि मुंगीवर अर्धा हक्क त्याचा, हे न बोलता ठरून गेलं होतं.

"सही कर आणि मोकळा हो," मुंगीचे आजोबा, नाना, धाकट्याला म्हणाले. "लोक अर्ज करकरून थकतात, त्यांना साधं उत्तर येत नाही. हिला पहिल्या अर्जात बोलावणं आलंय."

नानांनी पंचेचाळीस वर्षं छावणीच्या रस्त्यावर अधिकाऱ्यांचे गणवेश शिवले. कितीतरी वैमानिकांच्या छातीला त्यांची टेप लागली, पण घरातला एकही खांदा त्या कापडात गेला नाही. बोलावणं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुंगीला उभं करून मापं घेऊन टाकली होती. "आत्ताच कशाला?" असं तिने विचारलं तर म्हणाले, "मापं घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही."

धाकट्याने पेनाचं टोपण काढलं. मुंगीचा हा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. उघड्या खड्ड्यात सात मजले खाली बघत बिनधास्त काम करणारा हा माणूस घरात मात्र जो शेवटचं बोलेल त्याचं ऐकायचा.

"टोपण लाव," आत्या म्हणाली.

त्याने लावलं.

आत्या दोघा भावांच्या मधली. मुंगीच्याच कॉलेजात ती गणित शिकवायची आणि तिथल्या छात्रसेनेच्या हवाई शाखेचं सगळं कामकाजही बघायची. तिने पिशवीतून एक कागद काढून नानांपुढे सरकवला. "नाना, हिची ग्लायडरची अकरा उड्डाणं झालीत. तिसरं वर्ष संपेपर्यंत चाळीस होतील. तोवर छात्रसेनेचं वरचं प्रमाणपत्र हातात येईल. ते असलं की लेखी परीक्षा माफ, आणि अशा मुलांसाठी काही जागा वेगळ्याच ठेवलेल्या असतात. वर पदवी. आज गेली तर ती गर्दीतली एक. दीड वर्षाने गेली तर गोष्टच वेगळी."

"गर्दीतूनच माणसं पुढे येतात."

"येतात. पण हे वाचा. तिसरा परिच्छेद."

नानांनी चष्मा नाकावर खाली ओढला, पण वाचलं नाही. मग आत्यानेच वाचलं. "यंत्रावरील कौशल्य चाचणी उमेदवारास आयुष्यात एकदाच देता येईल. अनुत्तीर्ण उमेदवाराचा वैमानिकपदासाठी पुन्हा विचार केला जाणार नाही."

"मग पास व्हायचं," नाना म्हणाले. "आणि दीड वर्षाने नियम बदलले तर? जागाच काढल्या नाहीत तर? तू जबाबदारी घेणार?"

आत्याने कागद परत आपल्याकडे ओढला. न गेलेल्याला नापास धरत नाहीत, एवढं तिने मंडळाला फोन करून विचारून घेतलं होतं. पण पुढच्या वेळी बोलावणं येईलच, असं कुणी लिहून देणार नव्हतं.

तेवढ्यात मुंगीची आई आतून आली. ती रुग्णालयात हेडसिस्टर होती. हाडांच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेली, आवाज न चढवता तीस खाटांना गप्प करणारी बाई. मुंगी पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसून आली तेव्हा ही चार दिवस लेकीशी एक शब्दही बोलली नव्हती. त्यामुळे ती आता काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली. "आत्ताच जाऊ दे. थांबायचं कशाला?"

धाकट्याचं पेन पुन्हा उघडलं. नानांचा चेहरा असा फुलला, जणू एवढ्या वर्षांत सुनेशी कधी वाद झालाच नव्हता. आत्या भावजयीकडे बघतच राहिली. थोरला मात्र उठला, गॅलरीत गेला आणि तिथून म्हणाला, "मुंगीची आई, जरा इकडे ये."

ती आली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

"तुला ती नापास व्हायला हवीय," थोरला हळू आवाजात म्हणाला.

तिने नाही म्हटलं नाही. कठड्यावर हात ठेवून ती खाली बघत राहिली. "दादा, माझ्याकडे रोज मोडलेली हाडं येतात. एकोणिसाव्या वर्षी मोडलं तर लवकर सांधतं. आत्ता गेली, नाही जमलं, तर आठवडाभर रडेल आणि अभ्यासाला लागेल. अजून दीड वर्ष त्यात जीव ओतला आणि मग मोडलं, तर काय करायचं?"

"हे हाड सांधत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

केबिनमध्ये बसल्यावर खाली उभ्या माणसाला तो जसं न्याहाळायचा, तसं थोरल्याने काचेतून नानांकडे पाहिलं. म्हातारा खुशीत बोटांनी टेबलावर ताल धरत होता. बत्तीस वर्षं त्याने हे सांगणं असंच पुढे ढकललं होतं. नाना दुखावतील म्हणून, मग आपली आई आजारी होती म्हणून, मग ती गेली म्हणून, आणि त्यानंतर नुसतंच. तो आत गेला आणि खुर्ची ओढून नानांच्या समोर बसला.

"नाना, माझ्या डोळ्यांत काही दोष नव्हता."

नानांची बोटं थांबली.

"मी दुसऱ्या वर्षाला होतो. असंच बोलावणं आलं होतं. तुम्ही म्हणालात, जा, आणि मी गेलो. तोवर मी सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. तिथे एका खुर्चीत बसवलं. हातात दांडा, पायाखाली दोन पेडल, समोर पडद्यावर एक ठिपका. तो चौकोनात ठेवायचा. डावीकडे दिवा लागला की एक बटण, उजवीकडे लागला की दुसरं, आणि मध्येच कानात आकडे सांगायचे, ते लक्षात ठेवायचे. ठिपका पळाला की मी त्याच्यामागे पळायचो. तो आणखी पळायचा. तासाभरात सगळं संपलं. डॉक्टरांपर्यंत मी पोचलोच नाही."

"तू तर म्हणालास की डोळे," धाकटा म्हणाला.

"घरी येताना वाटेत चष्म्याचं दुकान लागलं. बिननंबराचा चष्मा घेतला. हातांत कसब नाही असं सांगण्यापेक्षा डोळ्यांत दोष आहे असं सांगणं सोपं होतं."

मग मुंगीने, सकाळपासून पहिल्यांदा, तोंड उघडलं. "मला माहीत होतं काका."

"काय माहीत होतं?"

"आठवीत असताना तुमचा चष्मा लावून पाहिला होता. त्यातून सगळं होतं तसंच दिसतं." ती थोडी हसली. "शिवाय बंदराचा डॉक्टर दरवर्षी तुमचे डोळे तपासतो. डोळे अधू असलेल्या माणसाला एवढ्या उंचावर कोण बसवेल? मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, काकांचं काहीतरी असेल."

आत्या तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बत्तीस वर्षं सगळं घर त्या चष्म्यासमोर जेवलं होतं आणि कुणाच्या डोक्यात हा साधा हिशेब आला नव्हता.

नानांनी टेबलावरचा हात मागे घेतला. मग म्हणाले, "मीच पाठवलं होतं तुला."

"हो."

"तू नको म्हणाला असतास तर ऐकलं नसतं मी."

"नसतंच ऐकलं."

नानांनी मान हलवली. पण ते नाना होते, एवढ्यावर हार मानणारे नव्हते. "तरी मी म्हणेन, तू तयारी न करता गेलास म्हणून हिने का भ्यायचं? ही अकरा वेळा आकाशात जाऊन आलीय. तुझ्या आणि हिच्यात फरक आहे."

आता यात खोटं काही नव्हतं. थोरल्यालाही ते पटलं. धाकट्याने पेन टेबलावर ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?" या घरात हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला असावा.

"फॉर्म मंगळवारी पोचला तरी चालतो," मुंगी म्हणाली. "मला भीती नाही वाटत नाना. पण मी कुठवर आलेय ते मला बघायचंय. काका, उद्या मला तुमच्याकडच्या शिकाऊ केबिनमध्ये बसवाल?"

*

बंदराच्या प्रशिक्षण केंद्रात एक अंधारी खोली होती. तिच्यात खऱ्या क्रेनची खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे, आणि पुढे, बाजूला, पायाखाली पडदे. त्यांवर जहाज, धक्का आणि तारांना लोंबकळणारा कंटेनर दिसायचा. तिथल्या शिक्षकाला सगळे उस्ताद म्हणत. थोरल्यालाही त्यांनीच शिकवलं होतं. सोमवारी पहिली पाळी संपवून थोरला मुंगीला घेऊन आला तेव्हा उस्तादांनी नुसता खुर्चीवरचा रुमाल उचलला.

पहिल्या अर्ध्या तासात ती दांडे समजून घेऊन कंटेनर उचलायला लागली. हात हलका होता. घाबरून घट्ट धरणारा हात थोरल्याला लांबून ओळखू यायचा. तिचा तसा नव्हता. तीन कंटेनर तिने धक्क्यावर नीट ठेवले. उस्तादांनी थोरल्याकडे बघून भुवया वर केल्या.

मग थोरला तिच्या मागे जाऊन उभा राहिला. "आता मी आकडे सांगतो, ते पाठ ठेव. उस्ताद टाळी वाजवतील तेव्हा डाव्या पायाने खाली ठोकायचं. काम थांबवायचं नाही. सात, चार, नऊ, दोन."

पहिली टाळी जमली, दुसरीही. तिसऱ्या टाळीला कंटेनर थोडा झुलला. तिने तो सावरायला दांडा ढकलला. तो उलट्या बाजूला आणखी झुलला. तिने पुन्हा ढकललं. थोरला आकडे सांगायचा थांबला. त्याला ते दृश्य तोंडपाठ होतं. कंटेनर जाऊन जहाजाच्या कठड्यावर आदळला आणि पडदे लाल झाले.

मुंगीने तळहात विजारीला पुसले. "काय चुकलं?"

"तू त्याच्यामागे पळालीस," थोरला म्हणाला. "झोका कितीही घेऊ दे, त्याच्यामागे जायचं नाही. तो एका टोकाला जातोय ना, त्या बाजूला एकदाच, थोडंसं त्याच्यावर जायचं आणि थांबायचं. मग तो आपोआप तुझ्याखाली येतो. कठीण काय असेल तर ते थांबणं."

"पुन्हा."

त्या दुपारी तिने चौदा वेळा केलं. पाच वेळा आदळला, नऊ वेळा नाही. उठताना तिने उस्तादांना विचारलं, "हे अंगात मुरायला किती दिवस लागतात?"

"कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष. या तुझ्या काकाला दोन लागली. म्हणून तर याच्या हातून आजवर एक कंटेनर पडला नाही."

बंदराच्या फाटकापर्यंत काका-पुतणी चालत आले. मालाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्या कडेने वाट काढत मुंगी म्हणाली, "काका, तीन आठवड्यांनी गेले तर दहातल्या सहा वेळा पास होईन मी."

"सहा म्हणजे वाईट नाही."

"दहा वेळा बसायला मिळालं तर वाईट नाही. एकदाच बसायला मिळणार असेल तर सहा कमी आहेत." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "नऊ झाले की जाईन. शंभर टक्के कुणालाच मिळत नसतात, त्यामुळे दहाची वाट बघणार नाही. पदवी संपायच्या आधी जाईन. नियम बदलले तर बदलले. तेवढा धोका मला चालतो, हा नाही चालत."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आत्याने मुद्दे मांडले होते, त्याने स्वतःची हार उघडी केली होती, पण हा आकडा तिने स्वतः चौदा वेळा बसून काढला होता.

*

घरी तिने हेच सांगितलं, याच शब्दांत. धाकट्याने फॉर्मची घडी घालून कपाटात ठेवली. आई म्हणाली, "म्हणजे आणखी दीड वर्ष." मुंगी म्हणाली, "हो आई, आणि त्यात तुझी मदत लागेल. धावले की माझी नाडी खाली यायला फार वेळ लागतो. ते तुझ्याइतकं कुणाला कळतं?" आईने तिच्याकडे रोखून पाहिलं, मग तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली. थोरल्याला कळलं, की एक बाजू बदलली.

नाना मात्र बदलले नाहीत. पुढच्या महिन्यात मुंगीच्या वर्गातला एक मुलगा त्याच बोलावण्यावर गेला आणि निवडला गेला. नानांनी ती बातमी जेवताना सांगितली, ताटावरून उठले आणि थोरल्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मुंगीलाही ते दिवस जड गेले. ती त्या मुलाला निरोप द्यायला गेली, त्याला चाचणीबद्दल दोन तास प्रश्न विचारून आली आणि वहीची सहा पानं भरली.

मग काम सुरू झालं. सकाळी कॉलेज, शनिवार-रविवार ग्लायडर, सोमवार-गुरुवार उस्तादांची अंधारी खोली. प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला भराभर मोजपट्ट्या आणि तबकड्या वाचायला लावल्या. आत्या रस्त्याने चालता चालता गुणाकार विचारायची. धाकट्याने मोडीतल्या लिफ्टचा दांडा, दोन पेडल आणि जुना पडदा जोडून घरातच एक खुर्ची उभी केली. ती इतकी करकरायची की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले. नानांनी त्या खुर्चीसाठी गादी शिवली. शिवताना कुणाशी बोलले नाहीत, पण टीप मात्र दुहेरी मारली.

एकदा पावसाळी हवेत ग्लायडर धावपट्टीच्या अलीकडे शेतात उतरवावा लागला. मुंगी चिखलाने माखून घरी आली आणि शांतपणे जेवायला बसली. "घाबरलीस?" आईने विचारलं. "नंतर," ती म्हणाली. "तेव्हा वेळ नव्हता." आईने तिला आणखी वाढलं.

तिसऱ्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं. नियम बदलले नव्हते. जागा निघाल्या, पण गेल्या वर्षीपेक्षा कमी. बोलावणं आलं. या वेळी धाकट्याने पेन उघडलं आणि कुणाकडेही न बघता सही केली.

*

चाचणीच्या दिवशी थोरला तिच्याबरोबर गेला. केंद्राच्या फाटकाशी दोघं उभे राहिले तेव्हा त्याला काहीतरी शहाणपणाचं सांगावंसं वाटलं, पण आठवेना. "आज किती?" त्याने विचारलं.

"नऊ," ती म्हणाली. "सव्वानऊ." आणि आत गेली.

तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. इथे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. दुपारी अंगणात सगळ्यांना उभं करून नंबर पुकारतात. ज्यांचे पुकारले ते आत राहतात. बाकीच्यांना निळ्या बसमध्ये बसवून स्टेशनवर सोडतात. त्या बसमध्ये तो स्वतः डावीकडून तिसऱ्या खिडकीत बसला होता.

पावणेतीनला फाटक उघडलं आणि बस बाहेर आली. थोरला उठून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बस वळणावर हळू झाली. त्याने एकेक खिडकी पाहिली. पहिल्या खिडकीत दोन मुलं, दुसरीत एक मुलगी, लांब केसांची, ती नव्हे. कुणी हसत होतं, उगाच. कुणी फोन नुसताच कानाला धरला होता. तो बसच्या बरोबरीने चालत गेला, मग ती पुढे गेल्यावर रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने पाहिलं. शेवटच्या खिडकीत एक पोरगा काचेला कपाळ टेकून बसला होता. थोरल्याने त्याच्याकडे बघून हात वर केला. पोराला कळेना हा कोण. तरी त्यानेही हात वर केला. बस वळली आणि दिसेनाशी झाली.

थोरला फाटकाशी गेला. "जायचे ते सगळे गेले का बसमधून?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

"बसवाले गेले. उरलेल्यांना आता चार दिवस बाहेर सोडत नाहीत. मुलाखती, डॉक्टर, सगळं व्हायचंय अजून." पहारेकऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कोण आहे आत?"

"माझी मुंगी," थोरला म्हणाला, आणि मग सावरून, "पुतणी."

त्याने घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला नानांनी उचलला, म्हणजे ते हातात घेऊनच बसले असणार. मागे आई, आत्या, धाकटा सगळ्यांचे आवाज येत होते आणि ते एकाएकी बंद झाले.

"नाना, बस गेली. ती बसमध्ये नव्हती."

मग नानांचा आवाज आला, घोगरा आणि हळू.

"पुन्हा सांग," नाना म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."